सोन-कुलच्या काठावरचा यर्ट-मुक्काम: एकांत बाहेर भरपूर, आत बेताचाच

लग्नानंतरच्या सहलीसाठी किर्गिझस्तानला निघालो आहोत म्हटल्यावर घरच्यांची पहिली प्रतिक्रिया "तिकडे तर मुलं डॉक्टर व्हायला जातात" अशी होती आणि ती चुकीचीही नव्हती, कारण बिश्केकच्या रस्त्यावर पहिल्याच संध्याकाळी आमच्या कानांवर मराठी पडले. हा अभिप्राय मात्र राजधानीविषयी नाही. सोन-कुल सरोवराकाठच्या एका मेंढपाळ कुटुंबाकडे आम्ही जुलैत दोन रात्री राहिलो, त्या मुक्कामाविषयी आहे.

सरोवर ३,०१६ मीटर उंचीवर असून कोचकोर गावाहून गाडीने तिथे जाताना त्याहूनही उंच अशी कलमाक-अशू खिंड ओलांडावी लागते. काठावर कायमची वस्ती नाही, झाड तर औषधालाही नाही. जून ते सप्टेंबर एवढेच महिने मेंढपाळ आपली मेंढरे आणि घोडी घेऊन या कुरणांवर येतात. बाहेर पडले की गवत, पाणी आणि दूरवर चरणारी घोडी यांखेरीज काही नसते, त्यामुळे नवविवाहितांना हवा असतो तो एकांत इथे मैलोगणती मिळतो.

यर्टच्या, म्हणजे मेंढपाळांच्या गोल तंबूघराच्या, आत मात्र तो बेताचाच आहे. जादा पैसे भरून आम्ही स्वतंत्र यर्ट घेतला होता, पण दाराला कडी नव्हती. लाकडी सांगाड्यावर नमदा गुंडाळून हे घर उभे राहते. घोंगडे विणलेले असते, नमदा लोकर थापून आणि दाबून केलेला असतो. तो थंडी बऱ्यापैकी अडवतो, आवाज अजिबात अडवत नाही. शेजारच्या यर्टमधील गृहस्थांचे घोरणे आम्हाला ऐकू येत होते, तेव्हा आमचे बोलणे त्यांना ऐकू गेले नसेल असे समजण्याचे कारण नाही. रात्री घरातील आजी न विचारता आत येऊन वाळलेल्या शेणाने लोखंडी शेगडी पेटवून देत. ती दोनच्या सुमारास विझली आणि उरलेली रात्र आम्ही चार गोधड्यांखाली, कानटोपी घालून काढली.

सकाळी त्याच आजींनी बाहेरून दोरी ओढून छपरावरचे झाकण बाजूला केले. छताच्या मध्यभागी आडव्या-उभ्या पट्ट्यांचे जे गोल कडे असते त्याला तुंदुक म्हणतात. किर्गिझस्तानच्या झेंड्यावरील सूर्यात तेच आहे. त्यातून आलेला उन्हाचा गोल आधी शेगडीवर, मग हळूहळू सरकत आमच्या पांघरुणावर आला. झोपमोड झाल्याचा राग तेवढ्यापुरता विसरलो.

जेवणाबाबत शाकाहारी मंडळींनी सावध राहावे. आमच्या सहल कंपनीने शाकाहारी जेवणाची हमी दिली होती. प्रत्यक्षात मांसाच्या रश्श्यातील तुकडे वेचून तोच आमच्यापुढे ठेवला गेला. यात आजींची चूक नव्हती, त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. नंतर त्यांनी बटाटे उकडून दिले आणि सासूबाईंनी आग्रहाने बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी कामी आली. न्याहारी मात्र उत्तम होती: बोर्सोक म्हणजे तळलेल्या कणकेचे फुगीर तुकडे (अगोड, जाड शंकरपाळ्यांसारखे), सोबत दाट साय आणि मुरंबा. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे कुमीस यजमानांनी वाडगाभर दिले. मला दोन घोट पुरे झाले, ह्यांनी वाडगा संपवला.

शौचालय साठेक पावलांवर आहे, म्हणून विजेरी न्यावी. पैसे सोममध्ये (तिथल्या चलनात) रोख न्यावेत, कारण एटीएम कोचकोरलाच आहे. उंचीमुळे आमची पहिली रात्र डोकेदुखीत गेली, तेव्हा एका रात्रीसाठी इतका प्रवास करू नये. आम्हाला तिसरी रात्र हवी होती, परंतु पुढचे पाहुणे येऊन थांबले होते आणि आजी आमच्या गोधड्या गवतावर उन्हात घालू लागल्या होत्या.