सोलापुरातील कर-विवरणपत्रांचा सहा महिन्यांचा वर्ग : एका विद्यार्थिनीचा अभिप्राय

नवी पेठेतील एका खासगी संस्थेत मी जुलै ते डिसेंबर 2025 या काळात आयकर व जीएसटी विवरणपत्रे भरण्याचा सायंकालीन वर्ग पूर्ण केला. मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्यात नऊ वर्षे हिशेब लिहीत होते. हेच काम स्वतंत्रपणे करावे, या हेतूने प्रवेश घेतला. पुढे काही दोषही लिहावे लागणार असल्याने संस्थेचे नाव येथे दिलेले नाही. ज्यांना हा व्यवसाय म्हणून करायचा आहे, त्यांना कोणताही वर्ग निवडताना हा अनुभव उपयोगी पडावा, एवढीच इच्छा आहे.

या वर्गाचे सर्वांत मोठे बळ म्हणजे शेवटच्या दोन महिन्यांतील फायलींचा सराव. संगणकावर आकडे कोठे भरायचे, हे कोणीही आठवड्याभरात शिकतो. समोरच्या माणसाला कोणते प्रश्न विचारायचे, हे शिकायला मात्र वेळ लागतो. आमचे सर नावे झाकलेली कागदपत्रे हाती देत आणि विवरणपत्र भरण्याआधी प्रश्नांची यादी लिहायला लावत. एका फायलीत एका ज्येष्ठ बाईंच्या बँक खात्यात दरमहा निवृत्तिवेतन जमा होत होते. आमच्यापैकी बहुतेकांनी ते पगाराच्या रकान्यात टाकून नव्या करप्रणालीतील 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट मिळणारी ठरावीक सूट) घेतली. हे निवृत्तिवेतन त्यांचे स्वतःचे की दिवंगत पतीच्या नोकरीमुळे मिळणारे, हा प्रश्न कोणीच लिहिला नव्हता. ते कुटुंबनिवृत्तिवेतन होते. म्हणजे ते 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' ठरते आणि त्यावर नव्या प्रणालीत त्या रकमेचा एक तृतीयांश भाग किंवा 25,000 रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच वजावट मिळते. त्या संध्याकाळपासून मी कोणाचेही पासबुक नुसते वाचत नाही, प्रत्येक नियमित जमेविषयी विचारते.

दुसरा उत्तम भाग होता लहान कारखानदारांच्या अनुमानित उत्पन्नाचा (उलाढालीच्या ठरावीक टक्केवारीने धरलेल्या उत्पन्नाचा), म्हणजे 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 44एडीचा. सोलापुरातील उदाहरण सोलापुरी पद्धतीने मांडले गेले : चादरी आणि टॉवेल विकणाऱ्याची उलाढाल 80 लाख, त्यांतील 60 लाख बँकेमार्फत आणि 20 लाख रोख. बँकेमार्फत आलेल्या रकमेवर 6 टक्के म्हणजे 3 लाख 60 हजार, रोखीवर 8 टक्के म्हणजे 1 लाख 60 हजार, मिळून किमान उत्पन्न 5 लाख 20 हजार. यातील 'किमान' या शब्दावर सरांनी दिलेला भर मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण प्रत्यक्ष नफा अधिक असेल तर अधिकच दाखवावा लागतो, हे आपल्याकडील कित्येक व्यापाऱ्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

आयकराचा परतावा वाढवून देण्यासाठी खोट्या वजावटी दाखवण्याच्या प्रथेवर एक पूर्ण तास दिला गेला. आयकर विभागाने 14 जुलै 2025 रोजी अशा दाव्यांविरुद्ध देशभर तपासणी मोहीम सुरू केली, तेव्हा आमचा वर्ग नुकताच सुरू झाला होता. उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास 1961 च्या कायद्यातील कलम 270ए प्रमाणे बुडवलेल्या कराच्या 200 टक्के दंड होतो आणि तो ज्याचे विवरणपत्र त्यालाच भरावा लागतो. विडी कामगाराच्या मुलाची पहिली नोकरी आणि त्याने विश्वासाने दिलेला पासवर्ड यांच्याशी असा खेळ करणाऱ्याला या व्यवसायात जागा असू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता दोषांकडे वळते. जीएसटीची छापील पुस्तिका जुनी होती आणि हा दोष मी गंभीर मानते. 22 सप्टेंबर 2025 पासून टॉवेल, चादरी यांसारख्या तयार कापडी वस्तूंना प्रतिनग 2,500 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्याहून अधिक किमतीला 18 टक्के असा दर लागू झाला. आमच्या पुस्तिकेत मात्र वर्ग संपेपर्यंत 1,000 रुपयांची जुनी मर्यादा आणि 12 टक्के हा दर तसाच होता. विचारल्यावर सरांनी तोंडी दुरुस्ती सांगितली, पण जे त्या दिवशी गैरहजर होते त्यांच्या वहीत चूक राहिली. ज्या शहराचे पोट टॉवेल आणि चादरींवर चालते, तेथे निदान हे एक पान तरी नव्याने छापायला हवे होते.

जाहिरातीतील 'मान्यताप्राप्त करसल्लागार' हे शब्दही दिशाभूल करणारे आहेत. वर्गाच्या प्रमाणपत्रामुळे कोणताही कायदेशीर अधिकार मिळत नाही. आयकर अधिकाऱ्यासमोर करदात्याची बाजू मांडण्याचा अधिकार 1961 च्या कायद्यात कलम 288 मधून येतो आणि त्यासाठी आयकर नियमांतील नियम 51 मधील वाणिज्य किंवा विधी शाखेच्या पदवीसारखी अर्हता लागते. जीएसटी प्रॅक्टिशनर, म्हणजे इतरांची जीएसटी विवरणपत्रे भरणारा नोंदणीकृत व्यावसायिक, होण्यासाठी जीएसटी नियमांतील नियम 83 प्रमाणे पीसीटी-01 या नमुन्यात स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि त्या नियमात परीक्षेचीही अट आहे. कर लेखापरीक्षण तर सनदी लेखापालाखेरीज कोणीच करू शकत नाही. माझ्याबरोबर बारावी झालेली दोन मुले होती. त्यांना हे सर्व चौथ्या महिन्यात, पूर्ण शुल्क भरून झाल्यावर कळले.

शुल्क 18,000 रुपये, दोन हप्त्यांत. वीस जणांत आठ संगणक, त्यामुळे सरावासाठी लवकर जावे लागे. शिकवणे मराठीत होते आणि शहराच्या पूर्व भागातील तेलुगूभाषक विद्यार्थ्यांना अडले तर सर तेलुगूतही समजावून सांगत, याचे मला विशेष कौतुक वाटले. टीडीएसची, म्हणजे रक्कम देतानाच कापलेल्या कराची, त्रैमासिक विवरणपत्रे मात्र दोनच तासांत उरकली आणि आयकर विभागाच्या नोटिशीला उत्तर कसे लिहावे, हे शिकवलेच नाही.

आयकर अधिनियम 2025 हा 1 एप्रिल 2026 पासून लागू झाल्यामुळे संस्थेने जुन्या विद्यार्थ्यांसाठी तीन विनाशुल्क व्याख्याने ठेवली, हे तिच्या बाजूने नमूद करायलाच हवे. पहिल्या व्याख्यानात 'मागील वर्ष' (उत्पन्न मिळाले ते) आणि 'आकारणी वर्ष' (त्यावर कर आकारला जातो ते) या जोडीऐवजी आलेले एकच 'कर वर्ष' समजावले. 2025-26 च्या उत्पन्नाचे विवरणपत्र जुन्याच कायद्याने भरायचे असल्याने काही काळ दोन्ही कायदे शेजारी ठेवून काम करावे लागेल, हेही दुसऱ्यात स्पष्ट केले. पगाराव्यतिरिक्तचा टीडीएस आता कलम 393 मधील तक्त्यांत एकत्र आला आहे. तिसरे व्याख्यान त्यावर व्हायचे आहे आणि त्या दिवशी मी पहिल्या बाकावर असेन.