एफआर (आग न धरणाऱ्या) कपड्याच्या नावाखाली मला 4,42,750 रुपयांची टोपी घातली, कपडे शिवणाऱ्यांनी वाचा

वेल्डिंग, फिटिंग, फाउंड्रीत काम करणाऱ्या बायकांसाठी कव्हरऑल (अंगभर एकसंध कामाचा पोशाख) शिवायचा धंदा उभा करतेय. पुरुषांचा छोटा साइज म्हणजे बायकांचा माप नव्हे, कंबर ढगळ, हिप्सला तंग, बाही लोंबते आणि लेथवर लोंबती बाही म्हणजे काय ते सांगायला नको. पॅटर्नवर मी जीव टाकला आणि मार खाल्ला कपड्यात.

मोठ्या मिलला हजारो मीटरची ऑर्डर लागते, माझ्यासारखीला कोण विचारतो, मग व्यापारी गाठावाच लागतो. मी गाठलेल्या व्यापाऱ्याने पाठवलेलं सॅम्पल लायटरने जाळून बघितलं, ज्योत काढली की लगेच विझलं. 385 रुपये मीटरने 1,150 मीटर ठरले. 1,32,825 आगाऊ, उरलेले 3,09,925 माल निघायच्या आधी.

आता ज्याने झोप उडवलीये ते. उरलेले पैसे पाठवायच्या आदल्या दिवशी सर्टिफिकेटची पीडीएफ आली. आयएसओ 11612 (उष्णता आणि आगीपासून वाचवणाऱ्या कपड्यांचं स्टँडर्ड), लॅबचा शिक्का, सगळं झकास. पण वर कपड्याचं वजन 320 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) आणि माझी ऑर्डर 270 ची!! मी विचारलं पण, हो विचारलं, गप्प बसले नाही. म्हणतो, "मॅडम आर्टिकल तेच आहे, फक्त वजन हलकं, रिपोर्ट सगळ्या रेंजला लागतो." तिकडे शिलाईवाल्या बसून, गिऱ्हाईक डोक्यावर, आणि समोरचा इतक्या ठामपणे बोलतोय की आपल्यालाच अडाणी वाटावं. पाठवले उरलेले पैसे. रिपोर्ट टेस्ट केलेल्या कपड्यापुरताच असतो हो, वजन बदललं की टेस्ट नवी. कुठलाही रिपोर्ट आला की वरचा नंबर थेट लॅबला विचारा, व्यापाऱ्याने दिलेल्या फोनवर नाही.

ट्रायलला दिलेला एक पीस वेल्डर ताईने चार धुण्यांनंतर परत आणला. मांडीवर ठिणग्यांची भोकं आणि प्रत्येक भोकाच्या कडेला काळा कडक मणी. शुद्ध कॉटन जळून राख होतं, मणी होतो पॉलिस्टरचा, वितळून कातडीला चिकटतो तो. रोलमधला तुकडा जाळला तर ज्योत काढल्यावरही पेटतच राहिला. म्हणजे मिक्स कपडा, वर धुऊन जाणारं कसलं तरी फिनिश. तिच्या अंगावर हे पेटलं असतं तर?

पोलिसांत गेले तर म्हणे माल मिळाला ना, मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक तक्रारीला गेले तर तुम्ही ग्राहक नाही, धंद्यासाठी घेतलंय. ऑनलाइन तक्रार टाकली ती "निकाली" दाखवते, काय निकाल लागला ते देवाला ठाऊक. एका साहेबांनी तर विचारलं, बायकांना वेगळे कपडे कशाला लागतात! तासभर बाकावर बसवून हे ऐकवायचं होतं. सर्टिफिकेटवरची लॅब म्हणते, ज्याचा रिपोर्ट त्यालाच माहिती देऊ. अहो तुमच्या नावाने खोटं चाललंय, तुम्हाला काहीच नाही का वाटत?

सॅम्पल चांगलं निघालं म्हणून रोल चांगला, असं अजिबात धरू नका. प्रत्येक रोलचा तुकडा धुवून मग जाळा, मोकळ्या जागेत, पाणी जवळ ठेवून. ऑर्डरवर "इतक्या धुण्यांनंतरही एफआर" असं लेखी घ्या. टेस्ट होईपर्यंत बाकी पैसे सोडूच नका, घाई करणाऱ्याला तर मुळीच नाही.

माल कुणाला विकलेला नाही, गोडाऊनचं भाडं चालू आहे. आणि त्याच माणसाचा परवा नव्या नंबरवरून मेसेज, "लेडीज एफआर, 270, रेडी स्टॉक". सोबत तेच 320 चं सर्टिफिकेट.