10 गिगाबिट लिंकवर डम्पकॅप: आवडलंय, पण -बी (कॅपिटल) चं युनिट बघून घ्या

गेले काही महिने 10 गिगाबिटच्या लिंकवर पॅकेट कॅप्चर करायचं, म्हणजे जाणारी-येणारी पॅकेट पकडून फाइलमध्ये साठवायचं काम माझ्याकडे आहे. आधी टीसीपीडम्पच वापरायचो, आता डम्पकॅपवर आलोय, वायरशार्क (पॅकेट उघडून बघायचा प्रोग्राम) टाकलं की सोबत येतं तेच. दोन्ही फुकट, दोन्ही खालून पॅकेट पकडायची तीच लायब्ररी, लिबपीकॅप, वापरतात, तरी डम्पकॅपला मी पाचपैकी साडेचार देईन.

झालं असं, एक ॲप्लिकेशन मधेच अडकतं अशी तक्रार होती. कॅप्चर वायरशार्कमध्ये उघडलं तर काळ्यावर लाल अक्षरांच्या ओळीच ओळी, 'प्रीव्हियस सेगमेंट नॉट कॅप्चर्ड' (आधीचा तुकडा फाइलमध्ये नाही) आणि लगेच 'ॲक्ड अनसीन सेगमेंट' (फाइलमध्ये न दिसलेल्या तुकड्याची पोचपावती, म्हणजे ॲक). दोन दिवस आम्ही नेटवर्कमध्ये लॉस शोधत बसलो. पण समोरच्याने ज्या डेटाचा ॲक दिला तो त्याला पोचला होता म्हणूनच दिला ना, म्हणजे पॅकेट नेटवर्कमध्ये हरवलंच नव्हतं, आपल्या फाइलमध्ये तेवढं आलं नव्हतं. मग टीसीपीडम्प बंद केल्यावर शेवटी जी ओळ येते ती पाहिली, 'ड्रॉप्ड बाय कर्नल', म्हणजे प्रोग्रामपर्यंत पोचायच्या आधीच टाकून दिलेली पॅकेट, आणि आकडा लाखांत!

लिनक्सवर कॅप्चरचा बफर, म्हणजे प्रोग्राम उचलेपर्यंत पॅकेट थांबतात ती मेमरीतली जागा, न सांगता 2 एमबी मिळतो. सेकंदाला 10 गिगाबिट म्हणजे सव्वा गिगाबाइट, त्या वेगाने 2 एमबी भरायला दोन मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत, तेवढ्यात प्रोग्रामने उचललं नाही की पुढचं सगळं गेलं. म्हणून मी टीसीपीडम्पला बफरचा आकार सांगणारा -बी 512 दिला आणि ड्रॉप (गळालेली पॅकेट) उलट वाढले. अर्धा दिवस डोकं खाजवलं, मग मॅन्युअल उघडलं. टीसीपीडम्पमध्ये -बी चा आकडा केबीमध्ये असतो आणि डम्पकॅपमध्ये एमबीमध्ये! म्हणजे मी बफर 2 एमबीवरून अर्ध्या एमबीवर आणला होता. टीसीपीडम्पला 512 एमबी हवे असतील तर 524288 लिहायचं, डम्पकॅपला सरळ 512. अक्षर तेच, अर्थ हजारपट वेगळा, हे खरंच लक्षात ठेवा.

डम्पकॅप आवडण्याचं खरं कारण मात्र त्याची शेवटची ओळ. किती आले किती गेले हे तर सांगतंच, शिवाय कंसात पीकॅप, डम्पकॅप आणि इंटरफेस असे ड्रॉप वेगवेगळे दाखवतं. पीकॅपचा आकडा वाढतोय तर बफर वाढवा किंवा काम हलकं करा. इंटरफेसचा वाढतोय तर बफर कितीही द्या, उपयोग नाही, पॅकेट कार्डावरच पडतंय. तिथे इथटूल (कार्डाची सेटिंग बघायची कमांड) स्मॉल जी करून आरएक्स रिंग, म्हणजे आलेली पॅकेट ठेवायची कार्डाची रांग, बघा, आमच्या कार्डाला 4096 पर्यंत जागा होती आणि चालू होती 512 वर, कॅपिटल जी ने वाढवली आणि तो आकडा थांबला.

आणि बफर म्हणजे डिस्क नाही हो. साधी साटा एसएसडी सेकंदाला 500 एमबीच्या आसपास लिहिते, लिंक पूर्ण भरलेली असेल तर 512 एमबीचा बफर पाऊण सेकंदही टिकत नाही. तो अचानक येणारा लोंढा झेलायला आहे, सततचा वेग नाही. मला पेलोड (पॅकेटमधला प्रत्यक्ष डेटा) नको होता म्हणून -एस (स्मॉल) 128 दिलं, 1500 बाइटच्या पॅकेटमधले 128च लिहायचे, तिथे डिस्कचा श्वास मोकळा झाला. लाइव्ह कॅप्चर वायरशार्कच्या खिडकीत मुळीच करू नका, फाइलमध्ये घ्या, नंतर उघडा.

अर्धा मार्क कापला तो त्या 2 एमबीच्या डिफॉल्टसाठी, आजच्या कार्डांना तो फारच तोकडा आहे.

आता सगळे ड्रॉप शून्य आहेत तरी गर्दीच्या वेळी अनसीन सेगमेंट अधूनमधून दिसतात. दोन्ही दिशांचा ट्रॅफिक एकाच 10 गिगाबिटच्या मिरर पोर्टवर (स्विच जिथे ट्रॅफिकची नक्कल पाठवतो तो पोर्ट) येतो, दोन्हीकडून भरला तर 20 गिगाबिट, तो स्विचच टाकून देतो आणि ते डम्पकॅपला कळायचा काही मार्गच नाही. उद्या स्विचवर त्या पोर्टचे आउटपुट ड्रॉप बघणार आहे.