अकाउंट्सचा बायोडेटा: अनुभव तारीखवार लिहावा की कामवार?

मुलं शाळेत जायला लागली, पुन्हा अकाउंट्सची नोकरी बघायची आहे आणि २०१९ नंतरची वर्षं बायोडेटात रिकामी दिसतात. अशा वेळी दोन सल्ले मिळतात. एक, शेवटच्या नोकरीपासून मागे जात तारखांसह लिहा. दुसरा, तारखा खाली ढकला आणि वर टॅली, जीएसटी, टीडीएस अशी कामं मांडा. आमच्या कारखान्यात अकाउंट्ससाठी आलेले बायोडेटा मी वाचते, म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने सांगते.

तारीखवार बायोडेटा वाचायला सोपा. कुठे, किती वर्षं, कोणत्या पदावर, हे एका नजरेत कळतं. अडचण एवढीच की मोकळी वर्षंही तितकीच ठळक दिसतात, आणि कामवार बायोडेटाचा मोह तिथेच होतो.

पण अकाउंट्समध्ये कामाला तारीख लागतेच. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. २०१९ मध्ये नोकरी सोडलेल्या बाईने खरेदीची बिलं २ए शी (सप्लायरांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची, सतत बदलत राहणारी यादी) जुळवली असणार. २बी, म्हणजे तशीच पण दर महिन्याला पक्की होणारी यादी, आलं ऑगस्ट २०२० मध्ये, आणि आता इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) तेच पाहून घेतलं जातं. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवून काढायचं बिल) लागू झालं. त्यामुळे वर नुसतं ‘जीएसटी’ लिहिलेलं असलं की माझा पहिला प्रश्न असतो, कधीचा? उत्तर शोधायला पान उलटावं लागलं की काहीतरी झाकलंय असं वाटतं, आणि बऱ्याचदा ते त्या उमेदवारावर अन्याय करणारं असतं.

कामवार मांडणी खरोखर शोभते ती पाच-सहा दुकानदारांची खाती घरून सांभाळणाऱ्यांना. तिथे प्रत्येक दुकान वेगळी नोकरी म्हणून लिहिलं तर तेच तेच पुन्हा येतं. मात्र प्रत्येक कामापुढे वर्षं लिहा. सरकारी-निमसरकारी अर्जात हा प्रश्नच येत नाही. तिथे पद आणि ‘पासून-पर्यंत’ असे रकाने ठरलेले असतात.

बाकी सगळ्यांना मी तारीखवारच सुचवेन. वर तीन-चार ओळींत येणारी कामं, खाली तारखांसह नोकऱ्या. मोकळ्या वर्षांसाठी एक सरळ ओळ: ‘२०१९ पासून घरची जबाबदारी, या काळात २बी जुळवणी शिकले.’ दुसरा भाग खरोखर शिकला असाल तरच. नसेल, तर अर्ज करण्याआधी ओळखीच्या सीएंच्या ऑफिसात महिनाभर बसून शिका.

मांडणीपेक्षा जास्त फरक पडतो तो कामाची ओळ कशी लिहिलीय त्याने. या दोन ओळी शेजारी ठेवून पाहा (जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, ३बी म्हणजे कर भरण्याचं, आणि बँक रिकन्सिलिएशन म्हणजे बँकेच्या नोंदी आपल्या हिशोबाशी जुळवणं):

‘जीएसटी आणि बँकेचं काम पाहत होते.’

‘दोन जीएसटी नंबरांची जीएसटीआर-१ आणि ३बी दर महिन्याला भरायचे. सुमारे तीनशे खरेदी बिलं जुळवायचे. सप्लायरने बिल दाखवलं नसेल तर फोन करून भरून घ्यायचे. बँक रिकन्सिलिएशन दर आठवड्याला.’

पहिलीवरून तुम्ही स्वतः रिटर्न भरलं की फाइल सीएंकडे पोहोचवली, हे कळत नाही. दुसरी वाचून मला मुलाखतीचे प्रश्न सुचतात, आणि ते तुम्हाला येणाऱ्या कामावरचेच असतात. आकडा आठवून, खरा लिहा. दोनशे असतील तर दोनशे. रिटर्न सीएंकडून भरलं जात असेल तर ‘रिटर्नसाठी डेटा तयार करून द्यायचे’ असं लिहा. तेही अर्धं कामच आहे आणि त्यालाही माणूस लागतो.

पाठवण्याआधी एक तपासणी कराच. जुन्या नोकरीत पीएफ कापला जात असेल तर यूएएनने (पीएफच्या कायमच्या क्रमांकाने) पीएफच्या पोर्टलवर लॉगिन करून सेवेच्या नोंदीतल्या तारखा बायोडेटाशी जुळवा. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरलीच नाही, असं पुष्कळदा निघतं. शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाले असतील तर ती तुम्हाला स्वतःलाही पोर्टलवर भरता येते. लहान ऑफिसात पीएफ नसेल, तर अनुभवाचा दाखला आणि पगार जमा झाल्याच्या बँकेतल्या नोंदी काढून ठेवा.