किनाऱ्यावर मुक्काम की क्रूझ?

गुडघे कुरकुरत असले तरी चालण्याची हौस टिकून असलेल्या ज्येष्ठांनी समुद्रकाठी एकाच ठिकाणी राहावे की क्रूझने जावे, हे मुख्यतः पायांखालच्या जमिनीवरून ठरते. मऊ वाळूत चालताना कठीण जमिनीच्या दुपटीहून अधिक ऊर्जा लागते; म्हणून मुक्कामाजवळ सपाट, फरसबंद वाट आणि १:१२ (बारा फूट अंतरात एक फूट चढ) पेक्षा तीव्र नसलेला उतार आहे का, हे ‘सर्वांसाठी सुलभ’ अशा जाहिरातीवर न विसंबता फोटो मागवून पाहावे. क्रूझवर लिफ्ट आणि डॉक्टर असतात (उपचारांचे बिल बहुधा वेगळे). पण काही बंदरांत जहाज दूर नांगरून छोट्या बोटीने किनाऱ्यावर न्यावे लागते, आणि तिथेच व्हीलचेअर अडते. खर्चाचा अंदाज क्रूझमध्ये आधी येतो, इतकेच. रोज चालायचे-पोहायचे असेल त्यांना मुक्काम सोयीचा. सामान न हलवता अनेक गावे पाहायची असतील त्यांनी क्रूझ घ्यावी, मात्र जहाज थेट धक्क्याला लागणारी बंदरे निवडूनच.