घासलेली रिम: लेथवर की भट्टीत?

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे घासते ती बहुतेक वेळा डावी बाजू. माझी डावीकडची पुढची रिम सोसायटीच्या तळघरात उतरणाऱ्या रॅम्पच्या कडेला घासली, आणि मागची फूटपाथला, रिव्हर्स घेताना. (मागची घासली तेव्हा गाडी बायको चालवत होती, असं मी बरेच दिवस सांगत होतो. ते खरं नाही.)

असा ओरखडा घालवायला घरी पुट्टी लावून स्प्रे मारता येतो, लेथवर, म्हणजे धातू कातणाऱ्या यंत्रावर, डायमंड कट करून घेता येतो, नाहीतर पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची पावडर मारून रिम भट्टीत भाजायची. मी हे तिन्ही करून बसलोय. कड वाकली असेल, तडा दिसत असेल किंवा हवा उतरत असेल, तर यातलं काहीच करू नका, रिम बदला. आणि एवढ्याशा ओरखड्यासाठी विम्याचा क्लेमही करू नये असं मला वाटतं. वर्षानुवर्षं जपत 50 टक्क्यांवर नेलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्यात जातो.

घरचा उपाय लोक समजतात तितका वाईट नाही. रिम एकरंगी असेल तर एका रविवारचं काम. ब्रेकची काळी धूळ साबणाने, मग थिनरच्या फडक्याने नीट काढायची. 240 नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून 400, 800 असं वर जायचं, खोल खड्डा असेल तिथेच पुट्टी. टायरवर रंग उडू नये म्हणून मास्किंग टेपशी झटापट करण्यापेक्षा टायर आणि रिमच्या फटीत जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे गोलाकार खोचा. जाड, गुळगुळीत, आणि प्रत्येक घरात गठ्ठ्याने असतात. फक्त पावसाळ्यात स्प्रे मारू नका, दमट हवेत लॅकर दुधाळ होतं.

पण माझी रिम होती डायमंड कट. तिथे चंदेरी दिसतो तो रंग नसतोच, लेथवर कातलेला उघडा अॅल्युमिनियम असतो आणि त्यावर पारदर्शक लॅकर. डब्यातल्या सिल्व्हरने ती बारीक रेषांची चमक येत नाही. मी प्रयत्न केला. दुरून बरं दिसायचं, उन्हात ठिगळ.

म्हणून दोन्ही रिम लेथवर दिल्या. हातात आल्या तेव्हा खरंच शोरूममधून आणल्यासारख्या होत्या, त्याबद्दल तक्रार नाही. दिसण्यात आजही मी डायमंड कटलाच पहिला नंबर देईन.

पण मग त्या पांढऱ्या अळ्या आल्या.

आमचं गाव रत्नागिरीकडे, वर्षाला पाच-सहा फेऱ्या होतात, त्यातल्या दोन तरी भर पावसात. दुसऱ्या पावसाळ्यात लॅकरच्या खाली, कडेपासून आत सरकणाऱ्या पांढुरक्या, वेड्यावाकड्या रेषा दिसायला लागल्या. कातलेला भाग जिथे संपतो तिथे धार असते, आणि धारेवर लॅकर पातळच बसतं. बारीक खडी उडून तिथे टवका गेला की पाणी आत शिरतं आणि अॅल्युमिनियम आतल्या आत गंजत जातो. समुद्राची खारी हवा त्याला मदतच करते. तुम्ही म्हणाल, एवढंसं काय ते. पण दर रविवारी गाडी धुताना हात तिथेच जायचा. घाण वाटते म्हणून घासावं, तर ती लॅकरच्या खाली, निघणार कशी? शेजारच्या काकांनी एकदा विचारलं, ‘‘काय हो, चाकाला बुरशी आली का?’’ त्या दिवशी माझा निर्णय झाला असावा.

यावर इलाज म्हणजे पुन्हा लेथ. आणि चार सेंटिमीटरचा ओरखडा असो की चार अळ्या, कातावा लागतो रिमचा पूर्ण चेहरा. दर वेळी थोडा धातू जातो, त्यामुळे हे एक-दोनदाच जमतं.

मी चारही रिम पावडर कोटिंगला दिल्या, गडद राखाडी. चमक गेली, हे मान्य. घरच्यांनी पहिला आठवडा ‘‘टॅक्सीसारखी दिसते’’ म्हणून ऐकवलं. शिवाय टायर उतरवायचे, पुन्हा चढवायचे, बॅलन्सिंग करायचं, आणि टायरवाल्याच्या पहारीने नव्या रंगावर चरा पडू नये म्हणून उभं राहून लक्ष ठेवायचं. आत प्रेशर सेन्सर असतील तर आधी काढायला सांगा. पावडर साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला भाजतात, सेन्सर त्यात टिकणार नाहीत. भट्टीचं तापमान मात्र जरूर विचारा. रिमची ताकद हीट ट्रीटमेंटमधून येते, जास्त तापवून ती घालवायची नाही. नट बसतात त्या जागा झाकूनच रंगवायला सांगा, कारण तिथला जाड थर दबला की नट सैल पडतो. मी शंभर किलोमीटरनंतर पाना लावून पाहिला, एक नट किंचित फिरला.

तुमची गाडी सुक्या हवेत राहत असेल आणि तुम्हाला चमक प्यारी असेल, तर डायमंड कटला मी चूक म्हणणार नाही. माझ्या कामाला भट्टी लागू पडली. दोन पावसाळे झाले, अळी नाही.

गेल्या महिन्यात डावी पुढची पुन्हा घासली, त्याच रॅम्पला. पण आता ती एकरंगी आहे. राखाडी स्प्रेचा डबा आणून ठेवलाय, पत्रिकांचा गठ्ठाही माळ्यावरून काढलाय. पाऊस थांबायची वाट बघतोय.