शॉकअपचे पैसे घेतले, घातली नुसती रिंग

पिकअपचं तोंड थोडं वर उचलून घ्यायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. तुर्भ्याच्या बाजूला एका गॅरेजात माझे 58 हजार गेले. गॅरेजचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

गाडी इसुझू व्ही-क्रॉस. पुढे डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन आर्म, आणि कॉइल स्प्रिंग; मागे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा. रिकामी उभी असली की मागून वर, पुढून खाली. कंपनीने हे मुद्दामच केलेलं असतं, कारण हौद्यात माल पडला की पाटे दबतात आणि गाडी सपाट होते. माझ्या हौद्यात ताडपत्री आणि दोरखंडापलीकडे सहसा काही नसतं. वर मुरबाडला शेतावर जाताना पुढचा बंपर बांधाला घासायचा. म्हणून पुढची बाजू दीडेक इंच उचलायची ठरवली.

हे काम दोन तऱ्हांनी होतं. पहिली म्हणजे स्पेसर. स्प्रिंगच्या डोक्यावर किंवा शॉकअपच्या वरच्या माउंटवर एक जाड रिंग बसवायची. शॉकअप खालच्या आर्मवर, चाकापासून बराच आत बसलेला असतो. त्यामुळे रिंग जेवढी जाड, त्याच्या जवळपास दुप्पट गाडी चाकापाशी उचलली जाते. काही हजारांत काम होतं. दुसरी तऱ्हा म्हणजे गाडी उचलण्यासाठीच बनवलेले नवे स्प्रिंग आणि शॉकअप. खर्च कितीतरी पट. गोम अशी, की बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. टेप लावून मोजलं तरी आकडा तोच!

मला दुसरी तऱ्हा विकली गेली. "साहेब, ऑस्ट्रेलियन किट आहे, पाच वर्षं बघायला नको." आगाऊ पैसे यूपीआयने गॅरेजमालकाच्या खासगी नंबरवर. गाडी ताब्यात आली तेव्हा चाकाच्या कमानीतून काळेभोर, चकचकीत शॉकअप दिसत होते. जुने मागितले, तर "भंगारवाला घेऊन गेला." पावतीवर 'फ्रंट सस्पेन्शन काम' एवढंच. जीएसटी नंबर नाही, पार्ट नंबर नाही. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, केलंय म्हणाले, पण मशीनचा कागद मिळाला नाही.

गतिरोधकावरून उतरताना पुढून 'टक्' असा आवाज यायला लागला. "नवीन आहे, सेट होईल," मालक म्हणाला. ठाणे-बेलापूर रोडवर रात्री समोरचे लोक डिपर मारू लागले. तोंड वर गेलं की हेडलाइटचा झोतही वर जातो, तो खाली आणून द्यायचा असतो. तेवढंही केलं नव्हतं. मग पुढच्या टायरांची कड करवतीसारखी खाल्लेली दिसली, तेव्हा कळंबोलीच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो.

त्याने शॉकअप उतरवला आणि थिनरचा बोळा फिरवला. काळ्या रंगाखाली इसुझूचाच पार्ट नंबर. "दादा, हे तुमचेच आहेत. रंगवून परत लावलेत." स्प्रिंगच्या वर पॉलियुरेथेनची रिंग. तिच्यामुळे स्प्रिंग आधीच दाबलेली आणि गाडी नुसती उभी असतानाही शॉकअप बराचसा लांबलेला. चाक जरा खाली सुटलं की आतला दांडा टोकाला आपटायचा, तोच तो 'टक्'. गाडी फोर बाय फोर, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांनाही जाणारी, असल्याने पुढच्या ड्राइव्हशाफ्टचे (चाक फिरवणाऱ्या दांड्यांचे) सांधेही तिरके चालत होते, ते वेगळंच. रिंग हा प्रकार वाईट नाही, मापात घालून नीट अलाइनमेंट केलं तर खुशाल घाला. पण रिंगेचे पैसे रिंगेएवढेच द्यायचे.

फोटो घेऊन परत तुर्भ्याला गेलो. मालक शांतपणे म्हणाला, "करा की तक्रार. मॉडिफिकेशन केलंय तुम्ही, पहिलं चलान तुमचंच फाटेल." ही धमकी पोकळ नाही, म्हणूनच तिला माणूस घाबरतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करायला आडकाठी करतं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-ए मध्ये बेकायदा बदलासाठी गाडीच्या मालकाला दर बदलामागे 5 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पण माझी तक्रार उंचीची नव्हतीच. ज्या मालाचे पैसे घेतले तो माल दिला नाही, ही होती.

म्हणून आधी मिस्त्रीकडून रिंगा काढवल्या, गाडी मूळ उंचीवर आणली, अलाइनमेंटचा कागद घेतला. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. यूपीआयची नोंद, पावती, 'ऑस्ट्रेलियन किट' लिहिलेला व्हॉट्सॲप मेसेज आणि थिनरने पुसलेल्या नंबराचे फोटो जोडले. तो मेसेज सर्वांत कामाला आला, तोंडी बोलण्यावर तर गॅरेजवाल्याने सरळ कानावर हात ठेवले असते. कुठल्याही गॅरेजात गाडी सोडण्याआधी किटचं नाव आणि पार्ट नंबर असेच लिहून मागा. जुन्या शॉकअपवर अडचणीच्या जागी कोरून खूण करा, आणि जुने पार्ट हौद्यात टाकून द्यायचे हे काम सुरू होण्याआधीच बजावून ठेवा.

30 हजार परत आले. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार करतोय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.